गोदामातली पावती: खानदेशचा कापूस, जळगावचं सोनं आणि ईटीएफ

२०२५ साली धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. त्याच्या आधीच्या काही दिवसांत चांदीच्या ईटीएफचं एक विचित्र प्रकरण चाललं होतं. युनिटमागे ठेवलेल्या चांदीची जी हिशोबी किंमत होती, तिच्या कितीतरी वर युनिटचा बाजारभाव गेला होता, काही वेळा दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या चांदीची पावती लोक एकशे दहाला घेत होते, आणि घेण्यासाठी रांग लावत होते. प्रकरण इतकं ताणलं गेलं की काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या 'फंड ऑफ फंड' योजनांमध्ये एकरकमी पैसे घेणं काही काळ बंदच केलं.

फेलोशिपचे पहिले सदतीस हजार हातात आले की आपल्यातले बरेच जण आधी डीमॅट खातं उघडतात आणि नंतर गाइडला भेटतात. त्यामुळे हा विषय तुमच्यापासून फार लांब नाही. पुस्तकात तर तुम्ही वाचलंय की ईटीएफचा भाव त्याच्या एनएव्हीला चिकटून राहतो. मग हे दहा टक्के कुठून आले?

माझं एम.एस्सी. फिजिक्समध्ये झालंय आणि पीएच.डी.चं काम किमतींच्या मालिकांवर चालू आहे. या प्रश्नाचं उत्तर मी आधी आकड्यांत शोधत होते. ते नीट सापडलं इतिहासात, आणि त्या इतिहासातला बराच भाग आपल्या खानदेशचा आहे. म्हणून हा लेख थोडा मागून सुरू करते.

आधी ईटीएफ म्हणजे काय ते थोडक्यात. फंड एका तिजोरीत वस्तू ठेवतो: शेअर, सोनं, चांदी, काहीही. त्या वस्तूंवर तो पावत्या काढतो, त्यांना युनिट म्हणतात. ही युनिटं शेअरसारखी दिवसभर बाजारात विकली जातात. म्हणजे एकाच गोष्टीचे दोन भाव झाले: तिजोरीतल्या मालाचा आणि बाजारात फिरणाऱ्या पावतीचा. हे दोन भाव एकमेकांशी कशाने बांधलेले असतात, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न नवा नाही.

कापूस पुढे, कागद त्याच्याही पुढे

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर वळली मुंबईकडे, आणि मुंबईची नजर वळली कापूस पिकवणाऱ्या मुलखाकडे. त्यात खानदेश होता. तेव्हा जळगाव आणि धुळे असे दोन जिल्हे नव्हते. अख्खा खानदेश एकच जिल्हा, कलेक्टर बसायचा धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम खानदेश ही फाळणी झाली १९०६ साली. रेल्वे याच काळात आपल्या भागात येऊन पोचत होती, त्यामुळे बैलगाडीने घाट उतरायला आठवडे लावणारा कापूस एकदम मुंबईच्या हाताशी आला. जळगाव ही मोठी कापूसपेठ झाली ती याच वर्षांत.

भाव चढला की माल बिघडतो, हे आजी सांगते तसंच झालं. कापसात सरकी, माती, पाणी मिसळून वजन वाढवलं जाऊ लागलं. इतकं, की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातली फसवणूक रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि निरीक्षक नेमावे लागले. हा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईत बसलेला व्यापारी गाठ उघडून बघत नाही. तो गाठीवरच्या खुणेवर विश्वास ठेवतो. खूण खोटी निघाली तर सगळा व्यवहार खोटा. म्हणजे माल आणि मालाबद्दलचा कागद यांच्यात एक माणूस उभा करावा लागतो, जो म्हणेल की हो, आत खरंच तेवढाच कापूस आहे. ईटीएफच्या तिजोरीचा जो ऑडिट होतो, त्याचा पणजोबा म्हणजे हा निरीक्षक.

आता मुंबईत काय झालं ते बघा. कापसाचा पैसा इतका आला की तो ठेवायला जागा पुरेना. मग कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या योजना निघाल्या. यातली सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. ज्या जमिनीवर हा शेअर उभा होता ती जमीन अजून पाण्याखाली होती! प्रेमचंद रायचंद या काळाचे नायक, आणि बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देत होती. लोक वायद्याचे सौदे करत होते: आज भाव ठरवायचा, माल आणि पैसे पुढच्या ठरलेल्या दिवशी. असा एक मोठा दिवस ठरला होता १ जुलै १८६५.

पण एप्रिल १८६५मध्येच जनरल ली शरण आला, युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार म्हटल्यावर आपल्या कापसाचा भाव कोसळला. १ जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा कोणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली, १८६८ साली तिच्या जागी नवी बँक काढावी लागली. दिनशा वाच्छांनी या प्रकरणावर १९१० साली एक छोटं इंग्रजी पुस्तक लिहिलं आहे. ते मिळवून वाचा, पीएच.डी.चा विषय काहीही असो.

जळगावलाही या घसरणीचा जबर फटका बसला. पण इथे एक फरक लक्षात घ्या. जळगावच्या व्यापाऱ्याचा भाव पडला, तरी त्याच्या हातात कापूस होता. तो कमी भावाला का होईना विकता येत होता. पेठ वाकली, मोडली नाही. पुढच्या दशकात जळगावात खानदेश मिल उभी राहिली, जिनिंग-प्रेसिंग वाढलं. मुंबईत बॅक बेचा शेअर धरून बसलेल्याला मात्र त्या शेअरच्या बदल्यात मागायला काहीच नव्हतं. कागद घेऊन कंपनीच्या दारात गेलं तर आतून समुद्र दिसणार!

कागद आणि माल किती लांब जाऊ शकतात याचं टोक बघायचं असेल तर मटका आहेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईच्या कापूस बाजारात तारेने यायचे आणि लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१च्या सुमारास ते भाव येणं बंद झालं. तर काय, लोकांनी चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडे बनवले आणि खेळ चालूच राहिला. कापूस गेला, न्यूयॉर्क गेलं, आकडा तेवढा उरला. खानदेशातल्या कितीतरी गावांत 'ओपन-क्लोज' हे शब्द ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांना ते मूळचे कापसाचे आहेत हे माहीत नसतं.

एक फिजिक्सवाला आणि गोदामाची पावती

आता एकदम अमेरिकेत जाऊ, पण धागा तोच आहे. १९ ऑक्टोबर १९८७ला डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला. नंतरच्या चौकशीत एक मुद्दा आला की शेअरची अख्खी टोपली एकदम खरेदी-विक्री करता येईल असं काही साधन असतं, तर एकेका शेअरवर एवढा ताण आला नसता. अमेरिकन स्टॉक एक्सचेंजमध्ये नवीन उत्पादनं शोधण्याचं काम तेव्हा नेथन मोस्ट नावाचे गृहस्थ करत होते, वय सत्तरीचं. हे शिकलेले फिजिक्स. महायुद्धात नौदलासाठी ध्वनिशास्त्रावर काम केलेलं, नंतर बरीच वर्षं खाद्यतेलांसारख्या मालाच्या व्यापारात काढलेली. (फिजिक्समधून बाहेर जायचं की नाही अशा विचारात असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.)

मोस्ट यांना कल्पना सुचली ती मालाच्या व्यापारातूनच. तेल गोदामातल्या टाकीत पडून असतं. त्याची पावती या हातातून त्या हातात जाते. दर वेळी टाकी हलवायची गरज नाही. पण ज्याला हवं असेल तो पावती देऊन तेल घेऊन जाऊ शकतो, आणि तेल आणून ठेवलं की नवी पावती मिळते. शेअरचंही असंच केलं तर? जानेवारी १९९३मध्ये एस अँड पी ५०० निर्देशांकावरचा ईटीएफ त्यातून बाजारात आला. कॅनडात टोरोंटोला असाच प्रयोग १९९० सालीच झाला होता, त्यामुळे 'जगातला पहिला' हा किताब अमेरिकेला देऊ नका, व्हायवाला कोणीतरी नक्की पकडेल.

या योजनेचा प्राण कशात आहे? ती 'देऊन घेऊन जा' मधली ये-जा. समजा युनिट एकशे दहाला विकलं जातंय आणि आतला माल शंभरचा आहे. तर मोठा व्यापारी शंभरचा माल बाजारातून घेईल, फंडाच्या दारात नेऊन टाकेल, बदल्यात नवं युनिट घेईल आणि एकशे दहाला विकेल. दहा रुपये त्याचे. असे चारजण करू लागले की युनिटं वाढतात आणि भाव खाली येतो. युनिट नव्वदला मिळत असेल तर उलटं: युनिट घ्या, दारात द्या, शंभरचा माल उचला. कोणाच्या चांगुलपणावर हे चालत नाही, लोभावर चालतं, आणि म्हणूनच ते टिकतं. फिजिक्सच्या भाषेत दोन किमतींच्या मध्ये एक स्प्रिंग आहे. लांब गेल्या की ती ओढते.

पण स्प्रिंगला दोन्ही टोकं लागतात. बाजारात माल मिळायला हवा आणि फंडाचं दार उघडं हवं. यातलं एक जरी तुटलं तर ईटीएफ ही एक साधी पावती उरते, आणि पावतीचा भाव मग पावती घेणाऱ्यांची गर्दी ठरवते. मला या विषयाबद्दल सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे, बाकी सगळे तपशील तिच्याभोवती फिरतात.

सुवर्णनगरी

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते काही पर्यटन खात्याने दिलेलं नाव नाही. १८५४ पासूनची राजमल लखीचंद यांची पेढी इथली. शुद्ध सोन्यासाठी लांबून, जिल्हा ओलांडून लोक लग्नाचा बस्ता आणि सोनं घ्यायला इथे येतात. पण मला तुमचं लक्ष वेधायचंय ते एका कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टीकडे: मोड.

आपल्याकडे बाई दागिना घेते तेव्हा पहिला प्रश्न असतो, परत घेतला तर घट किती? पावती जपून ठेवली की दहा वर्षांनीही त्याच पेढीवर जाऊन त्या दिवसाच्या भावाने, ठरलेली घट वजा करून, पैसे किंवा दुसरा दागिना मिळतो. वेढणी किंवा बिस्किट असेल तर घट जवळजवळ नाहीच. म्हणजे इथेही पावती आहे, माल आहे आणि दार आहे. ते दार कोणालाही उघडं आहे. अर्धा तोळा घेऊन आलेल्या यावल-रावेरच्या शेतकऱ्यालासुद्धा. सराफ बाजाराचा विश्वास म्हणतात तो मला वाटतं शुद्धतेपेक्षाही या दारावर उभा आहे.

सरकारने हे दार एकदा बंद करून बघितलं होतं. जानेवारी १९६३मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. नवे दागिने चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध करायचे नाहीत असा नियम झाला. देशभर सोनारांचे हातोडे थांबले, कितीतरी घरं उघड्यावर आली. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. या काळात सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा बिस्किट घरात ठेवता येत नव्हतं. सोन्याचा भाव कागदावर सरकारचा आणि गल्लीत दुसराच, अशी परिस्थिती होती. आणि मधल्या फरकावर तस्करी जगत होती. दार बंद केलं की भाव फाटतात हे आपण एकदा पूर्ण पिढीभर बघून झालंय.

कायदा गेल्यावर बारा वर्षांनी, २००२ साली, मुंबईच्या बेंचमार्क या छोट्या म्युच्युअल फंड कंपनीने सेबीकडे सोन्याच्या ईटीएफचा प्रस्ताव दिला. याच कंपनीने आदल्या डिसेंबरमध्ये निफ्टी बीज हा भारतातला पहिला ईटीएफ आणला होता. तोवर जगात कुठेही सोन्याचा ईटीएफ नव्हता. पण आपल्या नियमांत म्युच्युअल फंडाने सोनं धरण्याची सोयच नव्हती. प्रस्ताव पडून राहिला, मार्च २००३मध्ये ऑस्ट्रेलियाने पहिला नंबर मारला, २००४ला अमेरिकेत आला. आपल्याकडे २००५च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी उल्लेख केला, २००६ला नियम बदलले आणि मार्च २००७मध्ये गोल्ड बीज बाजारात आलं. कल्पना आपली, पाच वर्षांचा उशीरही आपलाच. ती कंपनी नंतर गोल्डमन सॅक्सकडे, मग रिलायन्सकडे आणि आता निप्पॉनकडे गेली. गोल्ड बीजचं एक युनिट आधी साधारण एक ग्रॅमचं होतं, २०१९च्या अखेरीस त्याचे शंभर तुकडे झाले. आज चहा-पोह्यांच्या पैशांत सोन्याची पावती मिळते.

ईटीएफमध्ये घडणावळ नाही, घट नाही, चोरीची भीती नाही. वर्षाला थोडा खर्च कापला जातो, बस. दागिन्याशी तुलना केली तर गुंतवणूक म्हणून ईटीएफ सरस आहे, यात मला शंका नाही. पण एका बाबतीत सराफाची पेढी पुढे आहे. फंडाच्या दारात थेट जाऊन युनिट देणं-घेणं करायचं असेल तर सेबीच्या नियमानुसार व्यवहार पंचवीस कोटींच्या वरचा हवा. नाहीतर तुम्ही फंडाने नेमलेले अधिकृत मोठे व्यापारी असायला हवं. तुम्ही-आम्ही त्या दारापर्यंत पोचत नाही. आपण बाहेरच्या चौकात एकमेकांना पावत्या विकतो आणि दाराशी कोणीतरी ये-जा करतंय असं गृहीत धरतो. रोजच्या दिवशी ते बरोबरही असतं.

दार अडकतं तेव्हा

आता २०२५च्या धनत्रयोदशीकडे परत येऊ. त्या आठवड्यांत जगभर चांदीची टंचाई होती, लंडनच्या तिजोऱ्यांतही मोकळी चांदी कमी पडत होती. आपल्याकडे सणाची मागणी आणि वर ईटीएफमध्ये येणारा नवा पैसा. व्यापाऱ्याला एकशे दहाचं युनिट विकून दहा रुपये कमवायचे होते, पण त्यासाठी दारात टाकायला चांदीच मिळेना. स्प्रिंगचं मालाकडचं टोक सुटलं. चांदीच्या ईटीएफला आपल्याकडे परवानगी मिळाली २०२१च्या नोव्हेंबरमध्ये, पहिला आला जानेवारी २०२२मध्ये. इतका मोठा ताण त्यांनी आधी बघितलाच नव्हता.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि संशोधनाच्या दृष्टीने तीच सगळ्यात रसाळ आहे. तेव्हाच्या पद्धतीत चांदीच्या ईटीएफची एनएव्ही काढताना सुरुवात लंडनच्या भावापासून व्हायची. त्याला डॉलरचा दर लावायचा, आयात शुल्क वगैरे मिळवायचं. म्हणजे एनएव्ही हे एक मोजमाप आहे आणि मोजपट्टी लंडनची आहे. पण त्या आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात हातात मिळणारी चांदीसुद्धा लंडनवरून काढलेल्या हिशोबापेक्षा महाग होती! मग ज्याने दहा टक्के 'जास्त' दिले त्याने खरंच जास्त दिले का? काही भाग टंचाईचा खरा भाव होता, काही भाग नुसती गर्दी होती. वर्तमानपत्रांनी सगळ्याला 'प्रीमियम' म्हणून मोकळं केलं. हे दोन भाग वेगळे काढणं हा एक अख्खा शोधनिबंध आहे.

ज्यांनी त्या दिवसांत गर्दीत घेतलं त्यांचं काय झालं तेही सांगते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात टंचाई सैल झाली, चांदी उतरली आणि प्रीमियमही विरघळला. चांदीवाल्याचं एकदा नुकसान झालं, युनिटवाल्याचं दोनदा. पुढे भाव पुन्हा चढले, पण दिलेला प्रीमियम कोणी परत आणून दिला नाही.

दुसरं टोक तुटल्याचं उदाहरण परदेशी शेअरच्या ईटीएफचं. भारतीय फंडांनी परदेशात किती पैसा न्यायचा याला मर्यादा आहे: एकूण सात अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळा एक अब्ज. २०२२मध्ये ही मर्यादा गाठली गेली आणि फंडांना नवा पैसा बाहेर नेणं थांबवावं लागलं. नॅसडॅकचे शेअर अमेरिकेत हवे तेवढे होते, पण इथलं दार बंद. झालं, नॅसडॅकवरचे इथले ईटीएफ एनएव्हीच्या बरेच वर विकले जाऊ लागले. आणि सरकारी सुवर्णरोख्यांना तर असं रोजचं दार कधी नव्हतंच. २०१५ ते २०२४ पर्यंत ते विकले गेले. बाजारात त्यांची खरेदी-विक्री होते, पण भाव कधी सोन्याच्या खाली तर कधी वर. मुदतीआधी परत घ्यायच्या ठराविक तारखा सोडल्या तर त्यांना सोन्याला बांधून ठेवणारं काही नाही.

तिन्ही प्रकरणांत गुंतवणूकदार तोच, अ‍ॅप तेच, पडद्यावर हिरवे-लाल आकडे तसेच. फरक फक्त दारात काय चाललंय याचा होता, आणि ते पडद्यावर मोठ्या अक्षरात कोणी दाखवत नाही. आयएनएव्ही नावाचा आकडा असतो, दिवसभर बदलणारी अंदाजी एनएव्ही. फंडाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतो. घ्यायच्या आधी तो बघणारे किती असतील?

बाजाराचं काय होतं?

आतापर्यंत मी मालामुळे पावतीचं काय होतं ते सांगितलं. उलटा प्रश्न जास्त वादाचा आहे: पावतीमुळे मालाचं काय होतं? स्प्रिंग दोन्हीकडे ओढते ना. ईटीएफमध्ये घाईने पैसा आला-गेला तर तो झटका आतल्या शेअरपर्यंत पोचणारच. बेन-डेव्हिड, फ्रान्झोनी आणि मुसावी यांचा २०१८चा जर्नल ऑफ फायनान्समधला निबंध याच प्रश्नावर आहे. ज्या शेअरमध्ये ईटीएफची मालकी जास्त, त्यांची चढ-उतारही जास्त, असं त्यांना अमेरिकेच्या आकडेवारीत आढळलं. निबंध वाचताना निष्कर्षापेक्षा त्यांनी कारण आणि परिणाम वेगळे कसे काढले ते बघा. तो भाग शिकण्यासारखा आहे.

भारतात चित्र थोडं वेगळं. सोन्याचं म्हणाल तर घराघरांतल्या सोन्यापुढे ईटीएफमधलं सोनं एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळे ईटीएफने सोन्याचा भाव वाढवला वगैरे विधानं जपून करावीत. शेअरच्या बाजूला मात्र मोठा खेळाडू आहे आणि तो कोणी दलाल नाही, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी आहे. ऑगस्ट २०१५ पासून हा निधी दरवर्षी येणाऱ्या नव्या पैशातला काही हिस्सा निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये टाकतो. सुरुवात पाच टक्क्यांनी, २०१७ पासून पंधरा टक्के. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करणारा माणूस 'शेअर म्हणजे जुगार भो' म्हणत असेल, पण त्याच्या पीएफमधून तो ईटीएफचा मालक आहे.

आणि तो पैसा जातो कुठे? निर्देशांकातल्या कंपन्यांत, त्यांच्या आकाराच्या प्रमाणात. जैन इरिगेशन ही आपल्या जळगावची, बाजारात नोंदलेली कंपनी, पण ती निफ्टी ५०मध्ये नाही. म्हणजे जळगावच्या कामगाराचा पीएफचा रुपया निफ्टीच्या ईटीएफमधून मुंबई-बंगळुरूच्या बड्या कंपन्यांपर्यंत जातो, गावातल्या कंपनीच्या वाटेला येत नाही. याला लगेच अन्याय म्हणू नका. त्या कामगाराचा धोका विखुरला जातो आणि खर्च नगण्य लागतो, हा त्याचा खरा फायदा आहे. एकेकाळी आपल्याच भागातल्या पतसंस्थांत ठेवी अडकून म्हाताऱ्या माणसांचे काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो पैसा गावातच होता, आणि दार बंद होतं. पण भांडवल कुठून निघतं आणि कुठे पोचतं याचा जिल्हानिहाय अभ्यास करण्यासारखा आहे, आणि वाणिज्य किंवा अर्थशास्त्रात नोंदणी करणाऱ्या कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

इतिहासाच्या बाजूने यायचं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. १८८०चं खानदेश गॅझेटिअर तर घरबसल्या वाचता येतं. कापूस, रेल्वे, सावकारी सगळं त्यात आहे. आकड्यांच्या बाजूने यायचं असेल तर वर सांगितलेल्या चांदीच्या प्रश्नाने सुरुवात करा. एका चांदीच्या ईटीएफची वर्षभराची रोजची एनएव्ही, त्याचा बाजारातला बंद भाव आणि जळगावचा चांदीचा भाव, असे तीन रकाने भरा. जळगावचा भाव स्थानिक वर्तमानपत्रांत रोज छापून येतो, पण कुठे जीएसटीसह आणि कुठे जीएसटीविना, तेवढं एका पद्धतीत आणून घ्या. आणि वजाबाकी करण्याआधी घड्याळ बघा. आपला शेअर बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. लंडनमध्ये चांदीचा भाव तिथल्या दुपारी बाराला ठरतो, म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. चांदी ज्या दिवशी तास-दोन तासांत दोन-तीन टक्के हलते, त्या दिवशी तुमच्या रकान्यात दिसणारा 'प्रीमियम' नुसता वेळेतला फरक असू शकतो. त्यामुळे २०२५च्या २६ ऑक्टोबरच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच हिशोबाने धरू नका, त्या दिवशी लंडनची घड्याळं एक तास मागे गेली.